हजार मोहरांची केरसुणी

कुंभकोणमला उतरलो तेव्हा मी प्रवासी कमी आणि हेर जास्त होतो. माझ्या रेवतीनं लग्न स्वतःच ठरवलं होतं, पण "बाबा, तुम्ही घर बघून हो म्हणा, मगच पुढं," ही अटही तिचीच. मुलाकडचे लोक तंजावरच्या मराठी राजवटीत इकडे आलेले मराठी, असं ते सांगत. सांगणाऱ्याचं काय जातं?

स्टेशनबाहेर रिक्षावाल्यावर संशय घेतला, तो सरळ निघाला. मग डबऱ्यातल्या (पितळी खोलगट वाटीतल्या) कॉफीवर घेतला, तीही फक्कड निघाली. मी अधिकच सावध झालो.

मुलाचे वडील नागोजीराव दारातच उभे होते. "या हो, बैसा. प्रवास बरा जाहला कीं?" जुनी बखर बोलायला लागावी तसं वाटून मला हसू आलं. ते त्यांनी पाहिलं. तेवढ्यात त्यांच्या पत्नीनं देवघराचं दार घाईनं ओढून घेतलं, आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

जेवणात पिठलं होतं, पण चिंच घातलेलं. माझं लक्ष त्या दारावर. हात धुवायला उठलो आणि 'चुकून' तेच दार ढकललं.

देवांशेजारी रेशमी कापडावर हळदकुंकू लावलेला, झिजलेला खराटा! आपण अंगण झाडतो तो, नारळाच्या हिरांचा. करणीबिरणी तर नव्हे?

"लक्ष्मी ती," मागून बाई म्हणाल्या. "दिवाळीस पुजतों. तुमची केरसुणी शिंदीची, ऐकलें आहे. येथें ती कोठें मिळायची? तुम्ही हसाल, म्हणून दार लाविलें."

नागोजीराव नोकरीनिमित्त काही वर्षं चीनमध्ये राहिलेले. ते हळूच म्हणाले, "चिनी लोकांत म्हण आहे. घरची झिजली केरसुणी, तीही हजार मोहरांची. पहिल्यानें हा टोमणा होता, आपलें तेंच सोनें म्हणणारांस. पुढें लोक नम्रपणें स्वतःच्याच कामास म्हणूं लागले: झिजली आहे, परी मला मोलाची. आमची मराठीही तशीच हो."

"म्हणजे आपला तो बाब्या," मी म्हटलं.

"होय. पण आपल्या बाब्यास आपण न जपलें तर कोण जपेल?"

मी त्या खराट्याला हात जोडले.

परतताना बाजारातून एक खराटा घेतला. गाडीत सगळे माझ्याकडे संशयानं बघत होते.

रेवती न्यायला आली होती. "बाबा, खराटा? आपल्या फ्लॅटला अंगण कुठंय?"

"दिवाळीला पुजायचाय," मी म्हटलं. "तुझ्या सासरची रीत आहे."