मुकटीचा गंधार

“पुढे गेलीस, बाळ. मुकटीला उतरायचं होतं, तू थेट पारोळ्याला!” असं म्हणत सर एका हाताने तंबोरा छेडत राहत आणि मुलगी पुन्हा गंधार लावी.

देवपूरच्या त्यांच्या गायनवर्गाची व्यवस्था माझ्याकडे होती: हजेरी, सतरंज्या, परीक्षेच्या वेळा. सुरांतलं मला फार कळत नसे, म्हणून त्यांनी मला धुळे-जळगाव रस्त्यावरून समजावलं. धुळं म्हणजे षड्ज. “पेटी ही जलद गाडी, बाई. ठरलेल्या स्टँडलाच थांबते. तिचा कोमल गंधार पारोळ्याला. तोडी रागाचा गंधार त्याच्या अलीकडे, मुकटीला. गळा तिथे उतरतो, पेटी नाही.” श्रुतींची शास्त्रातली नावं त्यांना पाठ होती, पण मुलींना ते गावंच सांगत. शेजारचे आबा फाटकातून ओरडत, “काय सर, आज तुम्हनी गाडी कोठे अडकनी?”

“फागण्याला, आबा! धक्का मारायला या!”

तुम्हीही असे शिक्षक पाहिले असतील. स्वतःच्या कानावर त्यांचा फार विश्वास असतो.

एका टेलरची मुलगी त्यांची सर्वांत गुणी शिष्या. परीक्षा पास झाली की जामनेरच्या एका शाळेत तिला नोकरी मिळणार होती. तिने तोडी गायली. साथीला पेटी होती. तिचा गंधार पेटीच्या खाली राहिला आणि परीक्षकांनी तिला बेसूर ठरवून नापास केलं. सर बाहेर उभे होते.

“तू बरोबर होतीस,” ते म्हणाले.

“मग नापास कशी झाले, सर?”

जामनेरची जागा दुसरीला गेली. सरांनी बरेच दिवस तंबोऱ्याला हात लावला नाही. मग वर्गात पेटी आणली. त्या मुलीला समोर बसवून गंधाराची पट्टी दाबून धरायचे. “हाच लाव. माझं ऐकू नकोस.” ती जरा खाली गेली की ओरडायचे, एरवी कधी न ओरडणारे. मला ते शहाणपणाचं वाटलं. मी पेटीला खोळसुद्धा शिवून घेतली.

पुढच्या परीक्षेत ती पहिल्या श्रेणीत आली. भडगावला नोकरी लागली. आबांनी सरांकडे पेढे मागितले. सरांनी दिले, स्वतः खाल्ला नाही.

सरांच्या अखेरच्या आजारात ती भेटायला आली. सरांनी उशीला टेकून स्वतः तंबोरा जुळवला. “तोडी म्हण.”

ती गायली. मला तर गोड वाटलं.

“गंधार थोडा खाली,” सर म्हणाले.

तिने लावून पाहिला. पुन्हा पाहिला. मग थांबली. “तिथे आता थांबताच येत नाही, सर. आवाज आपोआप वर जातो.”

“तुझा दोष नाही. मीच तुला तिथून हलवलं.”

“त्यावर माझं घर चालतं, सर.”

“हो. मीही मनाला तेच सांगतो.”

मग तो गंधार तिला दाखवायला म्हणून त्यांनी तोंड उघडलं. नुसता श्वास आला. ती कान पुढे करून वाट पाहत राहिली.