चिकटवलेली खिट्टी

सर्व्हिस सेंटरमध्ये माझ्या पुढच्या काकूंनी जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला मिक्सर काउंटरवर ठेवला. चारच महिन्यांत झाकणाची प्लॅस्टिकची खिट्टी मोडली होती. बिल, वॉरंटी कार्ड, सगळं जपून आणलेलं. काउंटरवरच्या मुलीने खिट्टीवरून बोट फिरवलं.

"काकू, ही तुम्ही चिकटवलीये. आता वॉरंटीत बसत नाही."

"अगं, मोडली म्हणून चिकटवली. मोडकी वस्तू तशीच कशी आणायची कुणापुढे?"

खरंच आहे. आपल्याकडे गिरणीत दळणसुद्धा निवडून देतात. डॉक्टरकडे जाताना माणूस कण्हत का होईना, केस विंचरतो. वॉरंटीच्या कागदावर या वळणाला छेडछाड म्हणतात. नाजूक भाग त्यांनी बनवायचा, आणि मोडला की दोष आपल्या हाताचा. भांडायला हवं, हक्क आहे, हे ठाऊक असतं. पण तासभर रांगेत बसल्यावर अंगात भांडण उरत नाही.

माझ्या मांडीवर हेडफोन होता. त्याच्या मोडक्या सांध्यावर मी घरीच नीट चिकटपट्टी गुंडाळली होती. काकू मिक्सर पुन्हा साडीच्या तुकड्यात बांधत होत्या, तेव्हा मी खाली मान घालून ती पट्टी नखाने सोलत होतो.