धुराड्यातली आगारी

धुळ्यातली ती अखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, दुपार मला अजून सोडत नाही. मी तेव्हा तिथे फौजदार होतो. एका खानावळीच्या छपरावर दोन पुरुष उंचीची ज्वाळा उभी राहिली आणि आतून आगगाडी जावी तसा घरघराट ऐकू येऊ लागला. गल्लीतली माणसं पाणी टाकायचं विसरून हात जोडून उभी होती. खोटं कशाला सांगू, मीही उभाच होतो. तेवढ्यात ठिणग्या शेजारच्या रुईच्या वखारीवर गेल्या आणि वखार जळून गेली.

माणूस दगावला नाही. पण वखारवाल्याने खबर दिली, की खानावळीच्या म्हाताऱ्या आचाऱ्याने मुद्दाम आग लावली. रुईवर पडणाऱ्या काजळीवरून दोघांचं भांडण होतं, आणि 'तुझी रुई एक दिवस जळेल' असं आचारी चारचौघांत बोलला होता. स्वयंपाकघर शाबूत, आग छपरावर. म्हणजे कोणीतरी वर चढून लावली, असं मी ठरवून टाकलं. आचाऱ्याला कोठडीत घातलं.

दुसऱ्या दिवशी हजेरी आटोपून जबाब घ्यायला बसलो.

"नाना, भट्टीजवळ कोण कोण होतं?"

गप्प.

"छपरावर कोण चढलं?"

"कोनी नै."

"मग आग काय उडत गेली वर?"

तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. जमादाराने हात उचलला, एकदा नव्हे. मी खिडकीबाहेर पाहत होतो. जाळपोळीच्या गुन्ह्यात त्या वयाचा माणूस तुरुंगात गेला की परत येत नाही, हे मला ठाऊक होतं.

संध्याकाळी पंच घेऊन पंचनाम्याला गेलो. थंड भट्टीवर वाकून धुराड्यात डोकं घातलं. हात पोचेल तिथवर विटा लख्ख घासलेल्या. कंदील वर धरला. वर्षानुवर्षांच्या तेलकट काजळीचा थर जळून फुगला होता आणि काळ्या मोहोळांसारखा थेट धुराड्याच्या वरच्या तोंडापर्यंत लोंबत होता. आग आतूनच चढली होती.

खानावळ चालवणाऱ्या अक्काला विचारलं, "धुराडं साफ करता की नाही?"

"दर अमावास्येले करस. हात पुरस तेवढं. वर कोन देखाले जास, भाऊ?"

परवान्याच्या तपासणीत मीही नुसता हात फिरवून पाहिला होता.

"पण त्या दिवशीच का पेटलं?"

"आगारी व्हती ना."

अखाजीला पितरांच्या नावाने विस्तवात तूप-पुरणपोळीचा घास टाकतात, ती आगारी. घरापासून लांब राहणारे गिरणी कामगार, कारकून, सगळ्यांनी ती त्या एकाच भट्टीत टाकली होती. तूप भडकलं आणि थराला लागलं. त्या रांगेत मीही होतो. गणवेश उतरवून, वडिलांच्या नावाने, तुपाचा हात जरा सढळ ठेवून. हे मला आधी सुचलं नाही, की मी सुचू दिलं नाही, ते आजही सांगता येत नाही.

कोठडीत जाऊन म्हटलं, "नाना, सांगितलं का नाही?"

"कोनं नाव सांगू? तुमना बापनी आगारी बी व्हती. पितरसवर गुन्हा कसा लावाना, साहेब?"

जमादार हसला. मला हसता आलं नाही.

आग अपघाती असल्याचा अहवाल मी पाठवला आणि आचारी सुटला. तूप भडकलं एवढं लिहिलं. त्यात माझंही होतं, ते लिहिलं नाही. पुढे प्रत्येक ठाण्यात परवाना देण्याआधी मी कंदील घेऊन धुराड्यात डोकं घालत असे. लोक हसत.

गुन्हेगार गप्प का बसतो, हे नोकरीत लवकर कळतं. निरपराध माणूस गप्प का बसतो, ते मला त्या म्हाताऱ्याने शिकवलं. मार खाताना तो माझ्याकडे बघत होता, तेव्हा मला वाटलं, दया मागतोय. तो माझी अब्रू झाकत होता.