कुंपणाबाहेरचा रकाना

माणसं मोजायची खोड मला अजून आहे. लग्नाचा हॉल असो, विमानतळ असो, लेकीच्या शाळेचं गॅदरिंग असो, आधी बसलेले मोजते, मग उभे असलेले. आणि मग न राहवून खिडकीबाहेर बघते. बाहेर कुणी उभं तर नाही, याची खात्री केल्याशिवाय मला चैन पडत नाही. नवऱ्याला याची गंमत वाटते. त्याला मी कारण कधी सांगितलेलं नाही.

२००४ साली मी अमेरिकेत, पिस्कॅटवेला संख्याशास्त्रात एमएस करत होते. आमच्या प्राध्यापकांना एका प्रश्नाने पछाडलं होतं: या देशात दोन फुटबॉल आहेत, तर लोक नक्की कोणता बघतात? एक यांचा खरा फुटबॉल, ज्यात हेल्मेट घालून बॉल काखोटीला मारून पळतात. दुसरा पायाने खेळायचा, ज्याला हे सॉकर म्हणतात. मला वाटलं, यात अभ्यास कसला करायचा? शनिवारी सकाळपासून स्टेडियमच्या पार्किंगमध्ये शेगड्या पेटायच्या, आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे एका रंगाचे कपडे घालून यायचे, आणि दुपारी त्या आरडाओरड्याने आमच्या अपार्टमेंटच्या काचा थरथरायच्या. सॉकरच्या मैदानावर मात्र खेळाडूंचे आईबाप, कुणाच्या तरी मैत्रिणी, आणि एक म्हातारा कुत्रा.

पण प्राध्यापक म्हणायचे, मोठ्या स्टेडियमचा जाहीर होतो तो आकडा विकलेल्या तिकिटांचा. तिकीट काढून थंडीला घाबरून घरी बसलेला माणूसही त्यात हजर असतो. सॉकरला तिकीटच नाही, त्यामुळे तिथे खरोखर आलेला माणूस कुठेच हजर नसतो. त्यांना दोन्हीकडची खरी डोकी हवी होती. म्हणून आम्हा विद्यार्थ्यांच्या हातात एकेक काउंटर आला, बटण दाबलं की टक करून एक आकडा पुढे जाणारा.

माझ्या वाट्याला सॉकर आलं. फॉर्मवर तीन रकाने होते: बसलेले, उभे आणि कुंपणाबाहेरचे. जाळीबाहेर थांबून दहा मिनिटं तरी खेळ बघितला, की तो माणूस तिसऱ्या रकान्यात धरायचा. तिथे मी नेहमी रेघ ओढायचे, कारण फुकटचा खेळ बाहेरून कोण बघणार? टीममध्ये एक आपला मुलगा होता, मराठी आडनावाचा. बारीक, चपळ, आणि गोल हुकला की स्वतःवरच हसणारा. मोजता मोजता मी त्याच्याकडेच बघत बसायचे. त्याचे आईबाप मात्र कधी दिसले नाहीत.

सीझनची शेवटची मॅच बुधवारी दुपारी होती. सकाळपासून गारठवणारा पाऊस लागला होता आणि दुसऱ्या दिवशी माझी मिडटर्म होती. मी गेलेच नाही. लायब्ररीत बसून अख्खा फॉर्म भरला. जित्याची खोड म्हणतात ती हीच. भारतात आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकलची जर्नल्स अशीच पुरी व्हायची. उत्तर काय यायला हवं ते ठाऊक असायचं, मग त्यावरून रीडिंग उलटी बसवायची. लंबक न हलवता मी गुरुत्वाकर्षण काढलेलं आहे. वर एखादं रीडिंग मुद्दाम थोडं चुकवायचं, म्हणजे सरांना खरं वाटतं. तसंच इथे केलं. पावसाचे म्हणून थोडे कमी लिहिले, हाफटाइमनंतर आणखी चार वगळले, तिसऱ्या रकान्यात रेघ मारली. खोटं कशाला बोलू, मला माझ्या हुशारीचं कौतुकच वाटलं.

डिसेंबरात बातमी आली. हायवेवर बर्फावरून गाडी घसरली आणि तो मुलगा गेला. मराठी मंडळाच्या ईमेलमध्ये त्याचा फोटो होता, हसतानाचा. मी तो फोटो बंद करून टाकला.

उन्हाळ्यात मंडळातल्या एका काकूंनी आम्हा तिघी-चौघी विद्यार्थिनींना जेवायला बोलावलं. आयसेलिनच्या देशी दुकानातून आणलेलं श्रीखंड होतं. भिंतीवर तोच मुलगा दिसला तेव्हा मला कळलं, आपण कुणाच्या घरी बसलो आहोत. तेवढ्यात माझ्या रूममेटने कौतुकाने सांगून टाकलं, "काका, ही ना सॉकरची पब्लिक काउंट करायची, लास्ट सीझनला."

जेवणं झाल्यावर काका मला बाग दाखवतो म्हणाले. मागच्या अंगणात टोमॅटोच्या आळ्याशी उभे राहून त्यांनी हळू आवाजात सगळं सांगितलं. मुलाने खेळासाठी मेडिकलची परीक्षा पुढे ढकलली होती. घरात भांडण झालं. तुझ्या मैदानात मी पाऊल टाकणार नाही, असं ते त्याला म्हणाले होते. ते तीस वर्षं इंजिनीअर, बोललेला शब्द फिरवणारे नव्हेत. मग शेवटच्या मॅचला मीटिंग आहे म्हणून ऑफिसातून निघाले आणि जाळीच्या बाहेर, गोलच्या मागे, शेवटपर्यंत उभे राहिले. शब्दही मोडला नाही. घरी आल्यावर मुलाला मात्र सांगितलं नाही. सांगू सावकाश, असं म्हणत राहिले.

"काळी छत्री होती माझ्याकडे," ते म्हणाले. "जवळपास दुसरं कुणी नव्हतं. तू तिथे मोजत होतीस ना? दिसलो होतो का गं मी तुला?"

खरं सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण ते माझ्याकडे असे बघत होते, की मी हो म्हणाले. दिसला होतात, आणि मी धरलंही होतं तुम्हाला, बाहेरच्यांचा वेगळा रकाना असतो.

त्यांनी तो कागद बघायला मागितला.

सोमवारी मी लॅबमध्ये जाऊन फाइल काढली. माझे सुबक अक्षरातले आकडे, थोडे कमी, थोडे चुकवलेले. तिसऱ्या रकान्यात रेघ होती. त्याच पेनाने मी तिच्यावर जाड उभी रेघ चढवली, आडवीचा पाया करून तिचा इंग्रजी एक केला. त्या अख्ख्या कागदावर मी रचलेल्या माणसांची गर्दी होती आणि खरा असा तो एकच माणूस. झेरॉक्स काढली आणि संध्याकाळी काकांकडे गेले.

काकू चहा ठेवायला आत गेल्या. काकांनी चष्मा लावला, तारीख बघितली, बोटाने रकाने मोजले आणि तिसऱ्यावर बोट ठेवलं. बराच वेळ उचललं नाही. मला वाटलं, इंजिनीअरच्या नजरेला ती मागून चढवलेली जाड रेघ कळणारच. कळली असती तर मी सुटले असते.

"तू तर मैदानाच्या पलीकडच्या बाजूला असशील," ते म्हणाले. "तो गोलच्या समोरच होता. तुला एवढ्या लांबून दिसलो, म्हणजे त्यालाही दिसलो असेन."

मी म्हटलं, "हो काका. त्याने बघितलं होतं तुमच्याकडे."