टेलरमामांची पुरचुंडी

ये गं, कागदातनंच का होईना, पण जवळ बस. दोन वर्षं फोनवर 'येते मावशी, येते' चाललंय तुझं, आणि पुण्याहून दौंडला येणारी एक गाडी काही तुला सापडत नाही. कान उपटायला पाहिजेत!

आता ऐक. आपल्या टेलरमामांइतका खुळा माणूस दौंडपासून शिरूरपर्यंत दुसरा झाला नाही. उरलं कापड टेलरचं, हा साऱ्या जगाचा रिवाज. मामांनी तो कधी पाळला नाही. ब्लाउजसोबत पुरचुंडी यायचीच: चार बोटांच्या पट्ट्या, बगलेच्या चंद्रकोरी, बाहुलीलासुद्धा पुरणार नाहीत अशा चिंध्या. मी म्हटलं, "मामा, ह्याचं करू काय?" तर म्हणाले, "ते तुमचं तुम्ही बघा, वहिनी. आमचा प्रभू बी सुताराच्या घरचा. त्यानं कवा कुणाची फळी ठिवून घेतली आसंल का?" रविवारी प्रार्थना, म्हणून दुकान बंद; दुसऱ्या दिवशी दिवाळी असली तरी रविवारी बंद म्हणजे बंद. गिऱ्हाइकं चर्चच्या फाटकाशी चरफडत उभी, आणि आतून मामांचा सगळ्यांत मोठा, सगळ्यांत बेसूर आवाज. मामी कावायच्या, "बाकीच्या टेलरांच्या बायका चिंध्यांच्या गोधड्यांवर लोळत्यात. माझ्या घरात पायपुसणं न्हाई!" मामा शांतपणे म्हणायचे, "मग पाय धुऊन येत जा की."

पण एकदा त्यांचा खरा कस लागला. गुडघे गेले होते, पायमशीन मारवत नव्हतं. मशीनला लावायची विजेची मोटर त्यांनी बाजारात तीनदा हात लावून पाहिली होती. अशात शाळेच्या गणवेशांचा ठेका घेतलेला एक माणूस आला. मी फॉल लावलेली साडी न्यायला तिथंच बसले होते. "मामा, शर्ट दोन बोटं आखूड कापा. उरंल ते निम्मं तुमचं. मोटर काय, नवी मशीन येईल." मामी दारात येऊन उभ्या. मामा गळ्यातली टेप चाचपत राहिले. मग म्हणाले, "पोरगं वाकलं की पाठ उघडी पडंल. देवाला दिसंल ते दिसंल, पर मला बी रोज रस्त्यात दिसंल की हो, सायेब!"

ठेका गेला. मामी तणतणल्या, "आता मारा जन्मभर पाय!" आणि चहा ठेवायला आत गेल्या. त्या चहात साखर मात्र नेहमीपेक्षा जास्त होती, मी प्यायलेय.

आता मामांचे डोळे अधू झालेत, दुकान आवरतायत. परवा मशीनच्या खणात तळाशी पिवळा तुकडा सापडला, तळहाताएवढा. माझ्याकडे शिकायला होतीस ना, तेव्हाच्या तुझ्या फ्रॉकचा. तो सापडल्यापासून माणसाला घास गोड लागत नाही. "एवढी वर्सं माझ्याकडं ऱ्हायला, वहिनी!" म्हटलं, द्या, मी पोचवते. "न्हाई. जिचं तिच्या हातात." पुरचुंडी बांधून दाराशी खुंटीला टांगलीय, आणि एस.टी. थांबल्याचा आवाज आला की चष्मा पुसतात.

त्यांनी दिलेल्या सगळ्या पुरचुंड्या मी जपून ठेवल्या होत्या. त्यांचीच गोधडी शिवतेय, मामींसाठी. मधोमध तळहाताएवढी जागा सोडलीय. मामांकडून तुझा तुकडा घे, आणि मग तुझ्या मनानं मामींना दे. म्हणून ये बाई लवकर. आणि शनिवारीच ये; रविवारी सकाळी त्या खुंटीपाशी कुणी नसतं.