नातं नाही, अशी सही

चेन्नईत तिरुवल्लिकेणीच्या एका मॅन्शनमध्ये, म्हणजे एकट्या नोकरदारांच्या लॉजमध्ये, मी खोली घेऊन राहत होतो, तेव्हा माझे रविवार आजोबांच्या घरी जायचे. हे आजोबा माझे कुणीच नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या तंजावरला राहिलेलं मराठी घराणं, आता चेन्नईत रबरी सीलचा छोटा कारखाना. बसमध्ये मी आईशी फोनवर बोलत होतो, तेवढं ऐकून त्यांनी मला सरळ घरी जेवायला नेलं होतं.

केळीच्या पानावर भात, मग झोपाळा. समुद्रावरचा वारा यायचा, आजोबा त्यांच्या जुन्या वळणाच्या मराठीत काहीबाही सांगत राहायचे आणि माझा डोळा लागायचा. अर्धवट झोपेत वाटायचं, आपण घरीच आहोत. फार सुखाचे दिवस होते ते.

मी सरकारी कारखान्यात खरेदी विभागात होतो. एका निविदेत सगळ्यात कमी दर आजोबांचा निघाला. दर आणखी उतरवून घेण्यासाठी समिती बसते आणि त्याआधी प्रत्येक सदस्य लिहून देतो, की पुरवठादाराशी माझा संबंध नाही. मी बिनदिक्कत सही ठोकली. जेवायला जाणं म्हणजे का संबंध? एवढा मी शहाणा!

दुपारची वेळ, पंख्याची घरघर. समितीच्या अध्यक्षबाई समोर बसलेल्या आजोबांना म्हणाल्या, अजून कमी करा. आमच्या अंदाजाचा आकडा फक्त समितीला ठाऊक होता. आजोबा माझ्याकडे वळून हसले. "तुमचा आंकडा किती, सांगा. इथें कोणास कळणार नाहीं."

खरंच कुणाला कळलं नसतं; त्या खोलीत मराठी आम्हा दोघांनाच येत होतं. सूर तोच, झोपाळ्यावरचा. मला पुन्हा डुलकी लागल्यासारखं झालं, आकडा अगदी ओठांवर आला. मग भयंकर राग आला, त्यांचा आणि त्याहून माझा. माझा रविवार त्यांनी त्या टेबलावर आणून ठेवला होता, आणि तो तिथवर येऊ दिला होता मीच.

मी अध्यक्षबाईंना इंग्रजीत सगळं सांगितलं. आजोबांनी काय विचारलं ते, दर रविवारी मी कुणाकडे जेवतो ते, आणि माझी सही खोटी आहे तेही. मग खोलीबाहेर पडलो. मला लेखी ताकीद मिळाली, त्यांची निविदा बाद झाली.

पुढे एका संध्याकाळी मरीनाच्या किनाऱ्यावर ते समोरून आले. मी न राहवून हाक मारली, "आजोबा!"

ते थांबले. माझ्याकडे नीट पाहिलं आणि अतिशय अदबीनं म्हणाले, "गुड ईव्हनिंग, सर."