लाल टाका

फिटिंगताईचं दुकान म्हणजे जिन्याखालचा कोनाडा. एक मशीन, एक इस्त्री, एक आरसा आणि पडद्यामागे माणूस कसाबसा उभा राहील एवढी जागा. नवे कपडे ती शिवतच नाही. कुणाचं पोट सुटलं, कुणाचं आत गेलं, कुणाच्या अंगावर थोरल्याची पँट आली, की गिऱ्हाईक तिच्या दारात. पडद्यामागे जे दिसलं ते पडद्यामागेच राहतं, हीच तिची जाहिरात. "तुझ्या तोंडून कधी कुणाची गोष्ट निघत नाही," असं कुणी म्हणालं, की ती म्हणायची, "तोंडात टाचण्या असतात बाई. चहाडी करायला गेले तर जीभच टोचेल."

अशा बाईच्या पोटी ठकी आली, ती मणक्यात खोट घेऊन. पाय जरा लटके, पण चालायची. खरी अडचण लघवीची होती. लागल्याचं कळायचं नाही, धरवायचंही नाही. दवाखान्यातल्या नर्सनं बारीक नळी घालून मूत्राशय रिकामं करायला शिकवलं. शाळेच्या वेळात हे एकदा तरी व्हायला हवं, आणि पाणी भरपूर पोटात जायला हवं. पाणी कमी पडलं की जंतू वर चढतात, मूत्रपिंड धरतात.

शाळेनं आधी नाक मुरडलं. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, म्हणाल्या, "अशा मुलांसाठी वेगळ्या शाळा असतात हो."

"तिथे तिचं डोकं पाठवू की मूत्राशय?" फिटिंगताईनं विचारलं. "डोकं तर तुमच्याच शाळेच्या लायकीचं आहे."

बरेच हेलपाटे झाले, आवाज चढले, तेव्हा कुठे सोय झाली. आजारी मुलांच्या खोलीत शाळेतली मावशी ठकीला मदत करणार. गोष्ट माहीत असणार ती मोठ्या बाईंना, मावशीला आणि वर्गाच्या बाईंना. वर्गाच्या बाई म्हणाल्या, "माझ्या पोटात राहील, काळजी करू नका." यात कुणी मेहेरबानी केली नव्हती. पोरीचा हक्क होता तो, फक्त भांडून घ्यावा लागला. आणि मदत घेतली म्हणून पोरीनं आपली लाज गावभर वाटावी, असा नियम कुठल्याही शाळेचा नाही. पण मदत देणाऱ्याला तो नियम मनातल्या मनात पाठ असतो.

फिटिंगताईनं गणवेशाच्या स्कर्टची कडेची शिवण उसवली, आत झाकणाची पट्टी लावली, टिचबटणं बसवली. स्कर्ट न उतरवता काम व्हायचं आणि बाहेरून पाहणाऱ्याला शिवण ती शिवणच दिसायची. फक्त मावशीची नजर अधू, तिला बटणं सापडायची नाहीत. म्हणून फिटिंगताईनं त्या जागी लाल धाग्याचा एक टाका घातला. दुकानात खुणेचा टाका काम झालं की काढून टाकतात. हा तिनं ठेवला. आयुष्यभर दुसऱ्यांचे धागे झाकणाऱ्या बाईनं स्वतःच्या लेकीच्या अंगावर तो उघडा सोडला.

मागच्या बाकावरच्या मुलीला तो दिसला. सुटलेला धागा दिसला की हात जातोच. तिनं ओढला, टिचबटणं टचाटच सुटली. "अगं, हिच्या स्कर्टला दार आहे," ती म्हणाली, आणि वर्ग फिदीफिदी हसला.

वर्गाच्या बाई वाईट असत्या तर बरं झालं असतं. वाईट माणसाशी भांडता येतं. या भल्या. त्यांनी ठकीला पुढे बोलावलं, खांद्यावर हात ठेवला आणि वर्गाला सगळं सांगितलं. नळी कुठे, कशी, कशासाठी. "आता आपण सगळ्यांनी ठकीला समजून घ्यायचं, हो ना?" वर्गानं टाळ्या वाजवल्या. पोरीच्या लघवीला टाळ्या.

तिथून मुलं चांगली वागायला लागली. कुणी तिचं दप्तर उचलायचं, कुणी व्हरांड्यातून हाक मारायचं, "ठकी, जा ना, तुझी वेळ झाली." घरी ठकी काही बोलली नाही. तिची पाण्याची बाटली मात्र भरलेली परत यायला लागली. फिटिंगताई नवऱ्याला म्हणाली, "पोरगी शहाणी झाली. येताना बाटली भरून घेते." टेम्पो चालवून दमलेला नवरा म्हणाला, "आईवर नाही गेली म्हणजे." दोघं हसली.

मग ताप आला, थंडी वाजून आली. दवाखान्यात खाट मिळाली. डॉक्टरनं विचारलं, "पाणी पीत नाहीस?"

"पाणी प्यायलं नाही की फार भरत नाही," ठकी म्हणाली. "मग जावं लागत नाही." बाजारभाव सांगावा तसं. पुढे वर्गातली सगळी गोष्टही तिनं तशाच आवाजात सांगितली.

फिटिंगताईला वाटलं, आता राग येईल. राग तर तिच्या घरचाच, न बोलावता येणारा. आला नाही. ती दुकानात गेली आणि मशीनवर बसली. एका गिऱ्हाइकानं वाकून बघितलं. "ताई, धागा कुठंय?" सुईत धागाच नव्हता. पँटच्या काठावर लांबपर्यंत नुसती भोकं पडली होती.

मग ती शाळेत गेली, तिथेही तशीच बसली. वर्गाच्या बाईंचे डोळे भरले. "मी चांगल्यासाठीच केलं हो. ती मुलं हसत होती."

"हसली असती नि विसरली असती. आता त्यांना पाठ झालंय."

मोठ्या बाईंनी तोडगा काढला. "तुकडी बदलू या तिची."

"चूक तुमची आणि बिऱ्हाड तिनं हलवायचं?"

"मग बोललेलं परत कसं घेऊ? तुम्हीच सांगा," वर्गाच्या बाई म्हणाल्या.

फिटिंगताई उठली. घरी येऊन तिनं लाल टाक्याचा उरलेला तुकडा काढला आणि शिवण नखानं चोळली, भोकं बुजेपर्यंत. "हा माझाच उद्योग," ती म्हणाली.

दवाखान्यातून नुकतीच घरी आणलेली ठकी खाटेवरून म्हणाली, "त्याच्याशिवाय मावशीला दिसलं नसतं." तेवढंच बोलून ती भिंतीकडे वळली.

ताप उतरला, ठकी शाळेत गेली. एका दुपारी मावशी गाऊन आखूड करायला दुकानात आली, आणि पडद्यामागून तिनं बातमी दिली. "तुझी लेक कुणाला ऐकायची नाही बघ. वर्गात सांगून बसलीय, ऑपरेशन झालं, नळी सुटली, विषय संपला. पोरं म्हणाली, टाके दाखव. तर म्हणते कशी, टाके काय चारचौघांत दाखवतात? तुम्हाला शिकवलं नाही का घरी?"

फिटिंगताईच्या तोंडात टाचण्या होत्या. तिनं त्या काढल्या. "आणि तू?"

"मी म्हटलं, मी पाहिलेत, छान भरलेत. आता मोठ्या बाईंनी बोलावलंय असं सांगून तिला वर्गातून नेते. नळी आपली चालूच आहे. पण वर्गाच्या बाई बिथरल्यात. म्हणतात, पोरीला खोटं बोलायची सवय लागेल, उद्या वर्गासमोर नीट समजावते."

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आत फिटिंगताई वर्गाच्या दारात उभी होती.

"मुलांशी खोटं बोलायचं का मी?" बाई हळू आवाजात म्हणाल्या.

"बोलू नका. खरंही नका, खोटंही नका. तिच्या शरीराबद्दल काहीच बोलू नका. एवढं जमेल?"

"पण ती खोटं..."

"तुम्ही तिचं खरं तिला न विचारता वाटून टाकलंत. आता तिनं तिथे ठिगळ लावलंय. वाकडं असेल, पण तिचं आहे. त्याला हात लावायचा नाही." तिचा आवाज चढला नाही. तिचा नेहमीचा चढा आवाज ओळखणाऱ्या मोठ्या बाई लांबून बघत राहिल्या.

घंटा झाली, मुलं आत शिरली. मागच्या बाकावरची ती मुलगी दारातच थांबली. "बाई, ठकीची नळी खरंच गेली का हो?"

ठकी आपल्या बाकाशी उभी होती. दप्तराचा पट्टा तिनं खांद्यावरून काढला नव्हता. बाईंनी आईकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"जागेवर बस," बाई म्हणाल्या. "पुस्तक काढ."

मुलगी बसली. ठकीनं पट्टा काढला.

फिटिंगताई दुकानात आली. दिवसभर तिनं कपडे लहान केले, मोठे केले. हायसं वाटायला हवं होतं, ते काही वाटलं नाही. संध्याकाळी ठकीनं दप्तर नेहमीच्या जागी फेकलं. फिटिंगताईनं बाटली काढून हलवली. तळाशी जरासं पाणी उरलं होतं. तिनं ते मोरीत ओतलं, बाटली विसळली आणि सुकायला उपडी घातली.